लोकरीचं सूत सारखं तुटतंय? मशीन उघडण्याआधी लोकर तोला

मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावडे मागे पडलं की रस्त्यालगत एका जुन्या भातगिरणीची पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही चौघीजणी लोकरीचं सूत काढतो. एक लहान कार्ड (लोकर विंचरायचं यंत्र), सूत कातायचा २४ चात्यांचा (टकळ्यांचा) एक साचा, दोन पदर एकत्र पिळायचं एक यंत्र आणि धुण्याच्या तीन टाक्या, एवढाच आमचा पसारा. दिवाळीनंतर भाताची खाचरं मोकळी झाली की घाटावरून धनगरांचे वाडे (मेंढरांसकट फिरते तांडे) खाली उतरतात, शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात आणि पावसाआधी वाडे परत वर जातात. या येण्याजाण्यात आम्ही वाड्यांच्या कारभाऱ्यांकडून लोकर घेतो. दख्खनी मेंढी ही. वर्षाला एका मेंढीमागे जेमतेम अर्धा किलो लोकर, तीही आखूड, जाड, काळी-करडी, मधेमधे राठ केस असलेली. घोंगडीला उत्तम, पण कार्डवर आणि साच्यावर हट्टी.

आमचं दुखणं एकच होतं आणि ते दर वर्षी येत होतं: तार, म्हणजे साच्यावरचा धागा, तुटणं. चांगल्या दिवशी २४ चात्यांवर मिळून तासाला आठ-दहा तारा तुटतात, त्या जोडत जोडत काम चालतं. वाईट दिवशी हाच आकडा साठाच्या वर जायचा. एक बाई नुसती जोडायला उभी, दुसरी कार्डसमोर त्यातून उतरणारं लोकरीचं फाटलेलं जाळं हाताने सावरत बसलेली. पहिल्या हिवाळ्यात आम्ही भिवंडीहून मिस्त्री आणला. त्याने रोलरमधलं अंतर नव्याने बांधलं, पट्टे बदलले, पैसे घेतले. तेव्हा मार्च संपत आला होता. एप्रिलमध्ये साचा सुरळीत चालू लागला आणि आम्ही मिस्त्रीला दुवा दिला. जुलैमध्ये तारा पुन्हा तुटायला लागल्या. पुन्हा मिस्त्री. डिसेंबरात पुन्हा तेच. तोवर तीन वेळा सेटिंग हललं होतं आणि मूळ सेटिंग काय होतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ज्यांची लहान गिरणी आहे आणि ज्यांना हे चक्र ओळखीचं वाटतंय, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे. आमचा बिघाड मशीनमध्ये नव्हता. हिवाळ्यात तुटण्याचं कारण वेगळं होतं, पावसाळ्यात त्याच्या नेमकं उलटं, आणि दोन्ही वेळा दिसायला दुखणं एकच.

ठाण्यात १९२५ साली रेमंडची लोकर गिरणी सुरू झाली. ती आता तिथे नाही, पण लोकरीच्या खात्यांत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं अजून शहरात आहेत. माझ्या नणंदेचे सासरे, आमचे काका, त्यांतले एक, उभी हयात कार्डिंग खात्यात गेलेली. जानेवारीत एका लग्नासाठी ते मुरबाडला आले होते, त्यांना आग्रहाने शेडवर नेलं. दुपारचे दोन वाजले होते. मला वाटलं ते पाने-पकड मागतील. त्यांनी लोकरीच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि मला दाखवला. काळे तंतू हातावरच्या केसांसारखे उभे राहिले होते, झटकले तरी पडेनात.

“ताई, मशीनला आधी हात लावू नका,” ते म्हणाले. “लोकर किती पाणी प्यालीय ते बघा. ही तहानलेली आहे.”

मग त्यांनी विचारलं, तारा कधी तुटतात? मी म्हटलं, दिवसभर. “दिवसभर म्हणजे किती वाजता किती?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आधी तीन दिवस वही

म्हणून सगळ्यात पहिलं काम हे. एक वही साच्याला दोरीने बांधा. दर तासाला किती तारा तुटल्या ते लिहा, आणि कितव्या चातीवर तेही. तीन दिवस बाकी काहीही बदलू नका, कितीही मोह झाला तरी.

आमच्या वहीत पहिल्याच दिवशी चित्र दिसलं. सकाळी सात ते आठ पुष्कळ तारा तुटल्या, नऊ ते अकरा अगदी कमी, बारानंतर चढत्या क्रमाने वाढत जाऊन तीनला सगळ्यात जास्त, सूर्य कलला की पुन्हा उतार. मशीनचं सेटिंग चुकलं असतं तर ते दुपारी बारा वाजता चुकून पाच वाजता बरोबर झालं नसतं. दुपारी वाढणारी तूट ही कोरड्या हवेची. फक्त सकाळच्या पहिल्या तासाची तूट ही गारठ्याची, तिच्याकडे पुढे येते. सकाळ-संध्याकाळ सारखीच तूट असेल तर धुण्यात किंवा सेटिंगमध्ये बघा. आणि एकाच चातीच्या नावापुढे रेघांवर रेघा पडत असतील तर त्या चातीचा ट्रॅव्हलर (चातीभोवतीच्या रिंगवर फिरणारी बारीक कडी) झिजलाय, रिंगला खरचटलंय किंवा पट्टा सैल आहे. तेवढंच बदला, बाकीच्या तेवीस चात्यांना त्रास देऊ नका.

वहीबरोबर तुटलेली टोकंही जपून ठेवा. एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावत गेलात तर संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस टोकं जमतात. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी उजेडात दिसतं. टोक उंदराच्या शेपटासारखं निमुळतं होत गेलेलं असेल तर तंतू तुटलेले नाहीत, एकमेकांवरून निसटलेत: तिथे पेळू (कार्डवरून निघालेली, अजून न पिळलेली लोकरीची वात) बारीक होता किंवा पीळ कमी पडला. टोक बोथट, कापल्यासारखं असेल तर पीळ जास्त झाला किंवा सूत फार ताणलं गेलं. टोकाशी तंतू चहूबाजूंनी फुलून उभे असतील तर ती स्थिर वीज. आणि टोकात बारीक काडी अडकलेली असेल तर ती कुसळ. आमच्या पुठ्ठ्यावर दुपारची टोकं जवळजवळ सगळी फुललेली होती.

टांगलेली लड

काकांनी शिकवलेली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

लोकर हवेतली वाफ पिते. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी ती पोटात घेऊ शकते आणि बरंच पाणी घेतल्यावरही हाताला ओली लागत नाही. म्हणून हाताचा अंदाज इथे फसतो. कोरडी लोकर रोलरवर घासली की तिच्यात वीज साठते, तंतू एकमेकांना दूर ढकलतात, कार्डवरून उतरणारं जाळं कडेला फाटतं, पेळूत बारीक-जाड जागा तयार होतात आणि साच्यावर त्या बारीक जागा तुटतात. म्हणजे तार तुटते साच्यावर, पण बिघडते दोन टप्पे आधी.

किती पाणी आहे हे कळायला एक लड करायची. स्वच्छ धुतलेलं, तेल न लावलेलं सुमारे १३० ग्रॅम सूत घ्या, सैल लड बांधा. घरच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा. दर अर्ध्या तासाने काढून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला आणि डब्यासकट तोला, डब्याचं वजन वजा करा. डबा लागतोच, कारण काट्यावर उघडी ठेवली तर तुमच्या डोळ्यांदेखत ती हवेतून पाणी घेऊन जड होत जाते. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की ती पूर्ण सुकली. मग सूत कापत कापत कोरडं वजन बरोबर १०० ग्रॅमवर आणा, पुन्हा सुकवून खात्री करा. काटा सोनाराकडे असतो तसा, दशांश ग्रॅम दाखवणारा हवा.

ही लड कार्डजवळ सावलीत खुंटीला टांगायची. ऊन नको, भिंतीला टेकलेली नको. हवा बदलली की तासाभरात ती बदलते. आता ती १०९ ग्रॅम भरली तर कोरड्या लोकरीच्या १०० भागांत ९ भाग पाणी आहे, म्हणजे हवा फार कोरडी. ११६ भरली तर व्यापारात लोकरीसाठी जे प्रमाण धरतात तिथे तुम्ही आहात. १२४ भरली तर पावसाळा शेडच्या आत शिरलाय. त्या जानेवारीत आमची लड दुपारी १०९ होती आणि जुलैत १२४. एकाच खुंटीवर, एकाच लडीत १५ ग्रॅमचा फरक. आमचं अडीच वर्षांचं कोडं त्या दोन आकड्यांत होतं.

जाता जाता एक. सूत वजनावर विकत असाल तर हा फरक गिऱ्हाइकाच्या खिशातला आहे. लड १२४ असताना दिलेल्या एक किलोत कोरडी लोकर ८०६ ग्रॅमच असते, १०९ असताना ९१७ ग्रॅम. आम्ही आता सगळं ११६ वर मोजतो, म्हणून भर पावसात एक किलोच्या नावाने १,०६९ ग्रॅम सूत तोलून देतो. घोंगडी विणणाऱ्यांना आधी हे पटवून द्यावं लागलं, आता ते स्वतःच लडीचा आकडा विचारतात.

हिवाळा: पाणी द्या, पण नुसतं पाणी नाही

कार्डवर जाताना लोकर १२० च्या आसपास असली की आमच्याकडे जाळं अखंड उतरतं. हिशोब सोपा आहे. धुतलेली लोकर शेडमध्ये रात्रभर पसरून ठेवा, म्हणजे लडीचा आकडा तिलाही लागू पडेल. समजा लड ११० आहे आणि तुम्हाला १२० हवेत. दर ११० ग्रॅमला १० ग्रॅम पाणी कमी आहे, म्हणजे १० किलो लोकरीला साधारण ९०० मिलीलिटर.

हे पाणी कोमट करून त्यात तेल घालायचं, आम्ही १० किलोला ३०० ग्रॅम घालतो. चमचाभर पातळ साबण टाकून झाकणाच्या कॅनमध्ये जोरजोरात हलवलं की ताकासारखं पांढरं होतं. तेल वर तरंगत असेल तर अजून हलवा. लोकरीचा एक पातळ थर, त्यावर फवारा, वर दुसरा थर, पुन्हा फवारा, असं रचत जायचं. फवारणीचा पंप नवा घ्या, शेतावर औषधाला वापरलेला अजिबात नको. ढिगावर प्लास्टिक आणि गोणपाट टाकून रात्रभर मुरू द्या. घाई करून दोन तासांत कार्डवर घातलीत तर वरचे तंतू ओले आणि आतले कोरडे राहतात, आणि मग जाळ्यात गाठी येतात. मुरवणं हीच खरी कृती आहे.

तेल कुठलं, यात आम्ही मार खाल्ला. कोकणात हाताशी असतं ते खोबरेल, तेच वापरलं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि डिसेंबरात पहाटे आमची शेड त्याहून पुष्कळ गार असते. सकाळी कार्ड सुरू केलं की त्याच्या रोलरवरच्या धातूच्या तारांच्या दातांत पांढरे कण, लोकर गोळे होऊन फिरायची. नऊच्या सुमाराला शेड तापली की तेल वितळायचं आणि सगळं आपोआप ठीक व्हायचं. वहीतली सकाळी सात ते आठची तूट ती हीच. दोन तास बरं गेलं की बारानंतर कोरडेपणाची तूट सुरू. एकाच दिवसात दोन वेगळे बिघाड, म्हणून आम्हाला ते दिवसभर वाटत होतं. आता आम्ही शेंगदाण्याचं तेल घेतो, ते गारठ्यात पातळ राहतं आणि कोमट साबणपाण्यात निघतं.

जवसाचं तेल मात्र कृपा करून वापरू नका, स्वस्त मिळालं तरीही. ते हवेने सुकून तारांवर चिवट पापुद्रा धरतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जवसाचं तेल लागलेली लोकर किंवा चिंध्या ढिगात ठेवल्या तर आतल्या आत तापतात आणि पेट घेऊ शकतात. कुठल्याही तेलाची असो, कार्डखाली पडणारी तेलकट पिंज आम्ही रोज संध्याकाळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून शेडबाहेर ठेवतो.

शेडच्या हवेसाठी फुकटात होण्यासारख्या गोष्टी दोनच केल्या. पश्चिमेच्या खिडक्यांना ओली गोणपाटं टांगली आणि जमिनीवर पाणी शिंपडलं. मोटर, स्विच आणि वायरिंगपासून हे पाणी लांब ठेवा, आणि कार्डचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. शिवाय डिसेंबर ते मार्च कामाची वेळ सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ केली. दुपारी आम्ही लोकर निवडतो, धुतो, लडी बांधतो. या सगळ्यानंतर त्याच साच्यावर, त्याच सेटिंगवर, तासाला बारा-तेरा तारा.

धुणं

वहीत दिवसभर सारखी तूट दिसत असेल आणि कार्डच्या तारांवरून बोट फिरवल्यावर मेणचट, राखी थर हाताला लागत असेल तर टाक्यांकडे वळा.

आपल्याकडच्या काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. पावसाळ्यात आम्ही पन्हाळीचं पाणी वापरायचो, दिवाळीनंतर बोअर. जड पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही, त्याची साय धरते आणि ती लोकरीवर बसते. मग कितीही खळबळा, ती जात नाही. पाण्याची परीक्षा घरातच होते: बाटलीत पाणी घ्या, साबणाचा किस टाका, हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं, दह्यासारखे कण झाले तर जड. उपाय म्हणजे वडीचा साबण सोडून सौम्य द्रव डिटर्जंट घेणं. धुण्याचा सोडा टाकून पाणी हलकं होतं हे खरं, पण तो जास्त झाला तर लोकर खातो. मी तो टाळते.

पाण्याची उष्णता हाताने नका ठरवू, थर्मामीटर घ्या. लोकरीवरचं मेण साधारण ४० अंशांना वितळतं. आम्ही ६० अंशांवर धुतो आणि खळबळायचं पाणीही ४५ च्या खाली जाऊ देत नाही. धुवून झाल्यावर सकाळच्या गार पाण्यात बुडवलीत तर सुटलेलं मेण पुन्हा तंतूंवर जमतं आणि मेहनत वाया. पाण्यात लोकर ढवळायची नाही, नुसती दाबून बुडवायची. ढवळलीत तर जेन (दाबून घट्ट झालेला नमदा) तयार होईल, सूत नाही.

पावसाळा: आता उलटं वागा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून लड १२० ओलांडते आणि त्यानंतर हिवाळ्याची कृती वापरणं म्हणजे संकट ओढवून घेणं. आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं होतं, पाणी आणि तेल, आणि रोलरला लोकर इतकी गुंडाळली गेली की कटरने कापून काढावी लागली. इथे टोकं फुललेली नसतात. पेळू जड होऊन लोंबतो, रोलरला चिकटतो आणि ओढून तुटतो, टोक निमुळतं.

लड १२० च्या वर असेल तेव्हा पाणी शून्य. तेल फक्त १० किलोला दीडशे ग्रॅम, तेही थोड्या लोकरीला हाताने चोळून मग सगळ्यात मिसळलेलं. कार्डवर घालण्याआधी लोकर जमिनीपासून उंच फळ्यांवर पसरून पंख्याखाली रात्रभर ठेवायची. कार्ड सकाळी दहा-पंधरा मिनिटं मोकळं फिरवायचं, म्हणजे तारांवरचा दमटपणा जातो, आणि संध्याकाळी तारा ब्रशने साफ करून वर प्लास्टिक ओढायचं. एक आठवडा हे राहिलं आणि तारांना गंज धरला तर त्या खडबडीत दातांवर पुढचा हिवाळाभर लोकर तुटत राहते.

पावसाळ्यातही एक बिघाड धुण्यातून येतो. मेंढीचा घाम लोकरीत वाळून राहतो, त्यात पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात. घाम नीट निघाला नाही तर ती लोकर कोरड्या फळीवरही चिकट राहते. परीक्षा सोपी: धुतलेली मूठभर लोकर स्वच्छ कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी कोऱ्या चहासारखं झालं तर घाम अजून आत आहे. आम्ही आता साबण लावण्याआधी एक रात्र नुसत्या साध्या पाण्यात लोकर भिजत घालतो. घाम पाण्यातच विरघळतो, त्याला साबण लागत नाही. ते तपकिरी पाणी आम्ही दारच्या केळींना घालतो, केळी मानवल्या आहेत.

कुसळ

यावर गिरणीत इलाज नाही. वाळक्या गवतातून चरून आलेल्या खांडाच्या (कळपाच्या) लोकरीत कुसळ आणि आघाडा असतोच, आणि कार्ड तो काढत नाही, त्याचे तुकडे करून सगळीकडे पसरवतं. कातरणीच्या वेळीच वाड्यावर जाऊन बसलो आणि पोटाची-पायांची लोकर वेगळी घेतली, तर निम्मं काम तिथेच होतं. कारभाऱ्यांना त्यासाठी आम्ही पाठीच्या लोकरीला जास्त भाव देतो. कोकरांचं जावळ तर वेगळ्याच पोत्यात, त्यात कुसळ कमी आणि ते मऊ, त्याचं सूत आम्ही निराळं काढतो.

हे सगळं करूनही वहीतला आकडा उतरला नाही, तर मात्र मिस्त्रीला बोलवा. पण तो येण्याआधी सध्याचं प्रत्येक रोलरमधलं अंतर फीलर गेजने (फटीत सरकवून मापायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून वहीच्या मागच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा, आणि त्याला लड किती आहे ते सांगा. १०९ ला बांधलेलं सेटिंग १२४ ला लागू पडत नाही.

लडीबद्दल एक राहिलं. तिच्यावर शेडमधली तेलकट धूळ बसते, म्हणून वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी, ती सौम्य डिटर्जंटने धुवून पुन्हा १०५ अंशांवर सुकवून तोला. आमची यंदा ९९.४ भरली, हाताळताना थोडे तंतू झडले असणार. कमी पडलेलं ०.६ ग्रॅम सूत आम्ही तिला बांधलं, पुन्हा सुकवून १०० करून घेतलं आणि खुंटीला लावलं.